पेटीवरचा हिरवा दिवा

आम्ही कारकून माणसे. आलेल्या वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, साहेबांची सही झाली, की काम संपले असे आम्हाला वाटते. मध्यंतरी एका कार्यालयात गेलो असता भिंतीवरच्या काचेच्या पेटीत ए.ई.डी. मशीन दिसले. पेटीला कुलूप. चावी कोणाकडे? साहेबांकडे. साहेब कोठे? रजेवर! मशीनवरचा दिवा तांबडा लुकलुकत होता. केव्हापासून, हे शिपायापासून बड्या बाबूपर्यंत कोणालाच सांगता आले नाही.

ए.ई.डी. म्हणजे ऑटोमेटेड एक्सटर्नल डिफिब्रिलेटर. माणूस अचानक कोसळतो, शुद्ध हरपते, श्वास थांबतो. तेव्हा पुष्कळदा हृदय ठोके न देता नुसते थरथरत असते. ती थरथर विजेच्या झटक्याने थांबविता येते. झटका हवा की नको, हे मशीनच तपासून सांगते. पण उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. तिला फोन करायचाच. पण ती आडवळणाच्या गावी पोचेपर्यंत छाती दाबणारे हात आणि चालू स्थितीतले मशीन, हाच आधार.

१९६५ साली बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी असे यंत्र प्रथम रुग्णवाहिकेत नेले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते धूड सुमारे ७० किलोंचे होते. आज ते हातात धरता येते, पण बॅटरीशिवाय तेही मुकेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे जानेवारी २००५ ते सप्टेंबर २०१४ या काळात ही मशीन बिघडल्याचे सुमारे ७२,००० अहवाल आले. २०१५ साली तेथे नियम कडक करावे लागले. तेथे ही गत, तर आपण किती जागे राहिले पाहिजे!

करायचे फार थोडे आहे. मशीन ठराविक दिवसांनी स्वतःची तपासणी करते. हिरवी खूण म्हणजे ठीक. तांबडी खूण किंवा पीं-पीं आवाज म्हणजे लगेच पुरवठादाराला कळवा. बॅटरी उगाच काढू नका, तपासणीच बंद पडते. बहुतेक मशीनची बॅटरी मोबाईलसारखी चार्ज करायची नसते. मुदत संपली की बदलायची. छातीवर चिकटवायच्या पॅडचे पाकीट वेळेआधी फोडू नका, आतला लेप वाळतो. पाकिटावरची तारीख वाचा. वापरलेले पॅड पुन्हा चालत नाहीत.

जागेचेही तसेच. बरीच मशीन ० ते ५० अंशांत ठेवायची असतात. परभणीचा मे महिना, वरून पत्र्याचे छप्पर किंवा उन्हात उभी बंद जीप, म्हणजे मशीनची भट्टीच. सावलीची, कोरडी, सर्वांना दिसणारी जागा निवडा. सोबत कात्री, टॉवेल आणि दाढीचे ब्लेड ठेवा. कुलूप मात्र मुळीच नको.

आपल्या शाळेत, कार्यालयात, कारखान्यात असे मशीन असेल तर उद्याच जाऊन दिवा पाहा. एका जबाबदार माणसाचे व एका बदली माणसाचे नाव पेटीवर लिहायला लावा. वहीत चार रकाने आखा: तारीख, दिवा, पॅडची मुदत, सही. रजिस्टरचे नाव डेडस्टॉक असले तरी ही वस्तू त्यात मेलेली पडता कामा नये. तिच्यावर कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस अवलंबून आहे.