नाकाचा निवाडा

22 ऑक्टोबर 2020 रोजी नॅशव्हिल येथे झालेल्या निवडणुकीच्या वादसभेत अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हवामानाच्या प्रश्नावर बोलताना चीन, रशिया आणि भारत या तिन्ही देशांना 'फिल्दी' हे एकच विशेषण बहाल केले. आपल्याकडे त्यावर संताप व्यक्त झाला, आणि तो स्वाभाविकही होता. परंतु बोलणाऱ्याचा विचार क्षणभर बाजूस ठेवून त्या विशेषणाचाच विचार करावा, अशी त्याची योग्यता आहे, कारण घाण कशास म्हणावे याविषयीची एक फार जुनी समजूत त्याच्या पोटात दडलेली आहे आणि ती समजूत आज मनुष्यमात्राला फसवीत आहे, असे माझे मत आहे.

संस्कृतातील 'प' इंग्रजीत 'फ' होऊन भेटतो, हे पितृ आणि फादर, पाद आणि फूट या जोड्यांवरून शाळकरी विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. 'फाउल' आणि त्यापासून झालेले 'फिल्थ', 'फिल्दी' हे शब्दही त्याच नियमाने आपल्या 'पूय' आणि 'पूति' या शब्दांचे दूरचे सोयरे ठरतात. जे सडते, ज्यात पू होतो, ते फिल्दी, असा त्याचा मूळचा अर्थ. आपला 'घाण' हा शब्द 'घ्राण' म्हणजे वास यापासून आला. म्हणजे इंग्रजाने सडण्यावर बोट ठेवले, आपण ते सडणे ज्या इंद्रियाला प्रथम कळते त्यावर ठेवले. निवाडा दोघांनीही नाकाकडेच सोपविला. अन्न विटले, पाणी कुजले, जखम चिघळली, तर नाकाने आगाऊ वर्दी द्यावी आणि मनुष्याने दूर व्हावे, ही व्यवस्था हजारो वर्षे पुरी पडली. पुढे ते विशेषण वस्तूंवरून आचरणाकडे वळले. विल्यम टिंडल याने 1526 साली 'नवा करार' इंग्रजीत आणला, तेव्हा अधर्माच्या कमाईला त्याने हेच विशेषण जोडले, आणि आज तर अफाट श्रीमंतीलाही इंग्रजीत ते सहज लावले जाते.

वस्तू आणि आचरण यांवर ते थांबले असते तर तक्रार नव्हती. आमच्या सरकारी दप्तरात 'गलिच्छ वस्ती' हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे रूढ होता. ज्या वस्तीला नळ नाही, गटार नाही, कचऱ्याची गाडी जिच्याकडे फिरकत नाही, तिच्या वाट्याला सोय येण्याआधी विशेषण आले, आणि वस्तीचे विशेषण तेथील माणसांना चिकटण्यास वेळ लागला नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे चिकटणे ओळखले होते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, ते जातीच्या कारणाने नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी अन्न कमी करून आपला आग्रह धरला आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. मैला उचलणारा गलिच्छ ठरावा आणि तो करणारा स्वच्छ राहावा, हा न्याय त्यांना मान्य नव्हता.

नाकाचा हा निवाडा आज कोठे चुकतो हे पाहण्यासाठी आता हमरापूरकडे वळू. मुंबई–गोवा महामार्गालगतचे पेण तालुक्यातील हे गाव आणि त्याच्या शेजारची जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणपतीच्या कारखान्यांची गावे आहेत. पेण शहरात रुजलेली ही कला इकडे पसरली आणि घराघरांतून फोफावली. येथून कच्च्या आणि रंगविलेल्या मूर्ती मुंबई-पुण्याकडे आणि तेथून परदेशीही जातात. भोवताली खारेपाट, उधाणाची भरती थोपविणारे बांध चिखलाचे आणि भाताची खाचरेही चिखलाची. अशा मुलखात आषाढाच्या पावसात एखाद्या पडवीत शाडू मळला जात असतो, कोपरापर्यंत हात भरलेले असतात, ओल्या मातीचा वास दरवळत असतो. शहरातून आलेला पाहुणा तेथे धोतराचा सोगा किंवा विजारीचे पाय सावरतो आणि 'काय हा राडा' असे मनाशी म्हणतो. शेजारच्या कारखान्यात प्लास्टरची पोती रचलेली असतात. भुकटी पांढरीशुभ्र, वास मुळीच नाही, साच्यातून निघालेली मूर्ती गुळगुळीत व निर्मळ. नाकाला विचारले तर ते दुसऱ्या कारखान्याच्या बाजूने फैसला देईल, आणि तो फैसला चुकीचा असेल.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम हे खनिज सुमारे 150 अंशांवर भाजून, त्यातील बरेचसे पाणी उडवून केलेली भुकटी. तीत पाणी घातले की ती ते शोषून घेते आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा दगडासारखी घट्ट होते. एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळते ते दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे पाच किलोच्या मूर्तीला सर्वस्वी विरण्यासाठी हिशेबाने किमान 2,000 लिटर पाणी हवे, आणि तेही फार सावकाश. शाडू पाण्यात काही तासांत बसतो, भाजलेला नसल्याने तो गाळून पुन्हा मळता येतो. विसर्जनानंतर किनाऱ्यावर हात, मुकुट, सोंडेचे तुकडे आपण पाहतो. त्यांना दुर्गंधी येत नाही, आणि दुर्गंधी येत नाही म्हणूनच ते वर्षानुवर्षे आपल्याला सहन होतात.

ज्यास कुजता येते ते मातीस मिळते, या गोष्टीकडे आपल्या शेतकऱ्याने कधीच दुर्लक्ष केले नाही. मनुष्याच्या विष्ठेपासून होणाऱ्या खताला त्याने 'सोनखत' म्हटले. याच पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा 1946 पासून पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावी रोज मैला उचलावयास जात, आणि त्या मैल्याचे खत व्हावे हा आग्रह धरीत. 'फिल्दी'च्या मूळ अर्थाने ज्याहून घाणेरडे काही नाही, त्या पदार्थाला ऋतू पालटण्याच्या आत शेताची वाट सापडते; निर्गंध प्लास्टरला, प्लास्टिकला, शिसे-पारा असलेल्या रंगांना ती सापडत नाही. म्हणून मी असे म्हणतो, की आजची खरी घाण ती, जिला सडता येत नाही आणि परत जाण्यास ठिकाण नाही. नाकाच्या हाती हा मुकदमा ठेवण्याचे दिवस संपले.

यातून कारखानदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असा अर्थ कोणी काढू नये. प्लास्टरची मूर्ती हलकी, लवकर वाळणारी, प्रवासात न तुटणारी आणि स्वस्त. पावसाळ्याच्या दमट हवेत शाडू वाळविण्यास जागा लागते, दिवस लागतात, हातही कसबी लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 12 मे 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. पुढे 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन परवानगीवाचून करू नये असे बजावले. आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा हुकूम झाला. या पाच वर्षांच्या अनिश्चिततेचा भार कर्ज काढून हंगामाआधी कित्येक महिने माल भरणाऱ्या हमरापूरच्या घरांवर पडला; मागणी करणारे आम्ही मात्र मोकळे राहिलो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरविण्याची रीत दाखविली आहे आणि त्यातून अमोनियम सल्फेट हे खतही मिळते. ती उपयुक्त आहे, परंतु ती चूक झाल्यानंतरची निस्तरणी होय. शाडूही परप्रांतातून, मुख्यतः गुजरातेतून येतो आणि डोंगराएवढा ओतला तर तोही पाणी गढूळ करील, म्हणून मूर्तीचा आकार आवरणे हा यातील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. सरकारने मूर्तिकारांना वाळवणीच्या शेड, माती साठविण्याची गोदामे आणि हंगामाआधी माफक व्याजाने तगाई दिली पाहिजे. नुसत्या मनाईच्या फर्मानांनी हा प्रश्न सुटणार नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे, की यंदा मूर्ती सांगण्यास श्रावण उजाडण्याची वाट पाहू नये. ती हातभर उंचीची आणि शाडूचीच हवी असे कारखानदाराला आताच कळवावे, आगाऊ रक्कम द्यावी, आणि त्याच्या अधिक श्रमांची जी अधिक किंमत होईल ती घासाघीस न करता मोजावी.