शाळांची सुरक्षा आणि जिल्ह्यातील रिकामी खुर्ची

राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. शिक्षकांचे निलंबन झाले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश धाडले. ही तत्परता दिल्लीच्या अंगवळणी पडलेली आहे. पण निर्देश जिल्ह्यात पोहोचल्यावर तो नेमका कोणाच्या टेबलावर पडतो, हा प्रश्न राजधानीत क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम २५ मध्ये शोधावे लागते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सहअध्यक्ष सामान्यतः जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. सदस्यांत प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक व मुख्य वैद्यकीय अधिकारी. याखेरीज जास्तीत जास्त दोन अधिकारी राज्य सरकारने नेमायचे. जिल्ह्यातील सर्वाधिक मुले दिवसभर ज्याच्या अखत्यारीत असतात, त्या शिक्षणाधिकाऱ्याचा उल्लेख कायद्यात नाही. बहुतेक राज्यांत इमारत एका खात्याची, दुरुस्तीचा निधी दुसऱ्याचा आणि अग्निशमन तिसऱ्याकडे असते. संकटाच्या वेळी जबाबदार म्हणून उरतो तो मुख्याध्यापक, आणि त्याच्या हाती ना पैसा ना अधिकार.

हे प्रथमच लक्षात येते आहे असेही नाही. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले होरपळून मेली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला आणि अग्निशामक साधने, शिक्षकांचे प्रशिक्षण यांबाबत आदेश दिले. २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. त्यात २२ राज्यांतील ४३ जिल्हे निवडले होते, प्रत्येकी २०० शाळा. योजना चांगली होती, पण प्रायोगिक होती. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक शाळेत आपत्ती व्यवस्थापन समिती सुचवली. मात्र मार्गदर्शक तत्त्वांमागे दंडाचे बळ नसते.

खुद्द राजधानीचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. १ मे २०२४ रोजी दिल्ली व परिसरातील शंभराहून अधिक शाळांना बॉम्बच्या धमकीचे ई-मेल आले. धमकी पोकळ निघाली. परंतु पालकांची झुंबड शाळांच्या दारांशी उडाली. मुले कोणाच्या ताब्यात द्यायची, रस्ते कोणी मोकळे ठेवायचे, अफवांना उत्तर कोणी द्यायचे, ही कामे आधी वाटून ठेवावी लागतात. एकेकट्या शाळेच्या आवाक्यातील ती नव्हेत. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला कार्यपद्धती आखण्यासाठी मुदत घालून द्यावी लागली.

जिल्हा पातळीवर शिक्षण, पोलीस, आरोग्य, बांधकाम व अग्निशमन यांचे स्थायी पथक, वर्षातून ठरलेल्या कवायती आणि धोकादायक वर्ग बंद करण्याचा स्पष्ट अधिकार, एवढी मागणी अवास्तव नाही. वर्ग बंद केला तर मुलांना बसवायचे कुठे, ही खरी अडचण. तिची सोय त्याच पथकाने करावी लागेल. कायद्यात दुरुस्ती करण्याचीही गरज नाही. कलम २५ मधील दोन जागांपैकी एक शिक्षणाधिकाऱ्याला देणे राज्य सरकारांच्याच हाती आहे. त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.