क्षितिज नसलेले निसर्गचित्र

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेत चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी 'निसर्गचित्र काढा' म्हणून सांगितले, की आम्ही सगळी मुले एकच चित्र काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, सूर्याखालून निघालेली नदी, काठाला कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. आमचा मुलूख भीमाकाठचा, सपाट आणि काळ्या मातीचा. डोंगर आम्ही पाहिलेला नव्हता, आणि नारळ पाहिला होता तो देवापुढे फोडायचा. तरीही दहापैकी आठ गुण हमखास मिळत. समोर दिसते ते काढले असते तर किती मिळाले असते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो गेल्या वर्षी पडला.

गेल्या वर्षी जवळच्या एका शहरात छायाचित्रांची स्पर्धा झाली. 'निसर्गदृश्य' या विभागात मी दोन छायाचित्रे पाठविली. भावाच्या मोबाइलवर काढलेली. दोन्ही उजनी जलाशयाच्या काठची, मे महिन्यातली. एकात चिखलात रुतलेला एक शिंपला होता. दुसऱ्यात पाणी ओसरल्यावर भेगाळलेली हात-दीड हात जमीन. दोन्हींवर एकच शेरा पडला : 'हे क्लोज-अप आहेत, निसर्गदृश्य नव्हे.' बक्षीस मिळालेल्या चित्रात मावळता सूर्य, एक होडी आणि वर उडणारी रोहित पक्ष्यांची रांग होती. ते चित्र सुंदर होते हे मी आधीच कबूल करते. म्हणजे पुढचे सारे केवळ पोटदुखीतून लिहिले आहे, असे कोणी म्हणायला नको. (थोडी पोटदुखी आहेच.)

पण तो शेरा डोक्यातून जाईना. निसर्गदृश्य म्हणायचे तरी कशाला? ते किती लांबून सुरू होते? दहा हातांवरून, की मैलावरून?

शब्दांपासून सुरुवात केली. 'लँडस्केप' हा इंग्रजी शब्द डच भाषेतून आलेला आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ भूभाग, मुलूख एवढाच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीने तो उचलला तो चित्रकारांकडून, चित्राच्या एका प्रकाराचे नाव म्हणून. प्रत्यक्ष जमिनीला तो इंग्रजीत नंतर लागला. म्हणजे आधी जमीन, मग जमिनीचे चित्र, आणि शेवटी चित्रासारखी दिसेल तीच जमीन पाहण्याजोगी, असा हा उलटा प्रवास! आपल्याकडचा 'देखावा' तर त्याहून बेरकी. गणपतीपुढे मांडतात तोही देखावा, आणि एखाद्याचे प्रेम खोटे असले तर तोही नुसता देखावाच. मोबाइलला विचारावे, तर त्याच्या लेखी लँडस्केप म्हणजे आडवा फोटो. माझे दोन्ही उभे होते, तेव्हा तिथेही मी नापासच.

हे सारे मी आमच्या इंग्रजीच्या सरांना ऐकविले. ते हसले आणि विभागातल्या संगणकावर त्यांनी एलियट पोर्टर या अमेरिकन छायाचित्रकाराची चित्रे लावून दिली. पोर्टर (१९०१–१९९०) शिक्षणाने डॉक्टर. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधन आणि अध्यापन सोडून तो छायाचित्रणाकडे वळला. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या ५५ रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. एकाच छायाचित्रकाराच्या रंगीत चित्रांचे त्या म्युझियममधले ते पहिले प्रदर्शन. त्याचे नाव होते 'इंटिमेट लँडस्केप्स'. जवळिकीची निसर्गदृश्ये म्हणू या. आणि या निसर्गदृश्यांत बहुधा क्षितिजच नाही! शेवाळलेला खडक, पानगळीची पाने, झाडांची खोडे, गवत. १९५३ सालचे एक चित्र न्यू हॅम्पशरमधल्या एका ओढ्याचे आहे. त्यात नुसते डोहातले पाणी आणि त्यावर पडलेली पाने. आकाश वर कुठेच नाही. ते पाण्यात उतरले आहे. मी बराच वेळ ते चित्र पाहत राहिले. मला वाटले, आमच्या परीक्षकांनी हेही परत केले असते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पोर्टर पाहिल्यावर मी माझी दोन्ही चित्रे पुन्हा काढून समोर ठेवली, आणि परीक्षक निम्मे बरोबर होते असे माझ्या ध्यानात आले. शिंपल्याचे चित्र खरोखरच निसर्गदृश्य नव्हते. त्यात शिंपला तेवढा लख्ख आणि मागचे सगळे धूसर. तो उजनीच्या काठचा होता की कोणाच्या टेबलावरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. ते त्या शिंपल्याचे व्यक्तिचित्र होते. एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकाराचे १९३० सालचे ढोबळ्या मिरचीचे चित्र फार प्रसिद्ध आहे. ती मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली होती. चित्र असे की मिरची आहे की पाठ वळवून बसलेला माणूस, असा भ्रम व्हावा. अप्रतिम! पण तिला वेल-झाड नाही, माती नाही, ऊन-वारा नाही. ती जागेवरून उचलली गेली. तिला निसर्गदृश्य म्हणावे असे वेस्टनलाही वाटले नसेल.

म्हणून जवळून काढले की ते निसर्गदृश्य होते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट बहुतेक वेळा होत नाही. फुलावरचे दवबिंदू, पानावरची मुंगी, फुलपाखराचा डोळा हे सगळे वस्तूंचे कौतुक आहे. त्यात एक नायक असतो आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचे असते. पोर्टरच्या चित्रांत असा नायक सापडत नाही. नजर पानावरून पाण्यावर जाते, पाण्यातून दगडावर, दगडावरून पुन्हा पानाकडे, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे हळूहळू कळते. कोपऱ्यापर्यंत सारे स्पष्ट असते, कारण कोपराही त्या जागेचाच आहे. माझ्या मते खूण ती ही. चित्रात वस्तू आहे की जागा आहे, एवढेच पाहावे. अंतर फुटपट्टीने मोजू नये.

या खुणेने पाहिले तर माझे दुसरे चित्र पास व्हायला हवे. त्यात भेगा आहेत. भेगांच्या काठावर पाणी टप्प्याटप्प्याने कसे मागे गेले त्याच्या चिखलाच्या रेघा आहेत. एका भेगेतून कसलेसे हिरवे तण वर आले आहे, आणि डाव्या कोपऱ्यात एका घडीव दगडाची कड दिसते. पाणी होते, ते गेले, ऊन पडले, पुन्हा काही उगवू लागले. एवढे सगळे हात-दीड हातात आहे. आकाश नाही म्हणाल, तर भेगांतली ती काळी सावली मे महिन्याच्या उन्हाशिवाय कशाने पडली?

दूरच्या दृश्यावर माझा राग नाही. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. खाली लहानशी दफनभूमी आणि वर केवढे तरी काळे आकाश. ते पाहून माणूस गप्प होतो. पण असे दूर पाहायला उभे राहण्याची सवड लागते. आमचे वडील रानात गेले की आधी वाकतात. मूठभर माती उचलतात, दाबतात, सोडतात. ढेकूळ भुसभुशीत फुटले की वाफसा आला. झालेला पाऊस, पडलेले ऊन, उद्याची पेरणी सगळे त्या मुठीत असते. त्यांना कोणी सांगितले की हे निसर्गदृश्य आहे, तर ते माझ्याकडे पाहून हसतील. त्यांना पेरायचे असते, पाहायचे नसते. ते कबूल. पण टेकडीवर उभा राहून पाहणाऱ्याचे ते निसर्गदृश्य आणि वाकून पाहणाऱ्याचा तो क्लोज-अप, ही वाटणी कोणी केली? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. इथे येऊन मी जमिनीकडे लांबून पाहायलाच शिकायचे काय?

आता त्या घडीव दगडाविषयी. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि त्याच्या फुगवट्यात जी गावे गेली त्यांत आमच्या आजीचे माहेर होते. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. ते पाहायला माणसे होडीतून येतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. आजीच्या गावचे असे दिमाखदार काही वर येत नाही. जोत्यांचे दगड येतात. देवळाचा फोटो आजीला दाखवला तेव्हा ती हात जोडून 'बरं' म्हणाली. मग माझ्या भेगांचा फोटो दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ह्यो उतार हाय न्हवं? हितनं आमी पाण्याला जायचो. पावसुळ्यात लई निसरडं व्हायचं बग."

उतार आहे हे मला स्वतःला माहीत नव्हते. चित्र पुन्हा पाहिले, तर चिखलाच्या रेघा खरोखरच एका अंगाला कलल्या होत्या. एक खरे, की आजीला आठवण होती म्हणून ते दिसले. परक्या माणसाला दिसेलच असे नाही. पण उतार चित्रातच होता, आठवणीतून त्यात आला नव्हता. शिंपल्याच्या चित्रात तिला काहीच सापडले नाही. "शिंपी हाय," एवढेच म्हणाली.

पुढे वाचनात आले की पोर्टरच्याही वाट्याला असे एक धरण आले होते. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियनमध्ये जाऊन त्याने खडकांवरचे ओघळ, ओल्या भिंती, पाण्यातली प्रतिबिंबे टिपली. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी धरणाचे दरवाजे बंद होऊन पाणी चढू लागले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'कोणालाच ठाऊक नसलेली जागा' असा होतो. अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास, तिथलेही पाणी फार खाली गेले आणि बुडालेला काही भाग पुन्हा उघडा पडला. ती चित्रे हातात घेऊन तिथे कोणी आपला खडक शोधला असेल का, असे राहून राहून मनात येते. दरीचे नुसते विहंगम चित्र असते, तर त्यावरून एक खडकही ओळखता आला नसता.

यंदाच्या स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे घाटते आहे, आणि विभागांची नावे सुचवा अशी सूचना फलकावर लागली आहे. 'निसर्गदृश्य' च्या ऐवजी नुसते 'जागा' असे नाव ठेवावे, असा अर्ज मी दिला आहे. सूर्यास्तवाल्यांनीही त्यात अवश्य यावे. मी भेगांचे चित्र देणार आहे, उभेच. शिंपला मात्र या खेपेला घरीच ठेवला आहे.