जलविहाराचे नगारे आणि वर्धेवरची नाव

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. येथून पंढरीस जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. वर्धेच्या काठावरून निघालेला वारकरी पंढरपूरपर्यंत पायी चालतो. त्याला घराबाहेर काढण्यासाठी कोणाला क्लृप्ती लढवावी लागत नाही. क्रूझ जहाजांच्या धंद्याचे तसे नाही. तेथे आधी हौस निर्माण करावी लागते, मग तिकिटे खपतात.

जानेवारी २०२४ मध्ये मायामी येथे ‘आयकॉन ऑफ द सीज’ या अजस्र जहाजाच्या नामकरणाला लिओनेल मेस्सी आला. त्याने चेंडू चौथऱ्यावर ठेवताच शॅम्पेनची बाटली जहाजावर फुटली. कंपनीचा पैसा, कंपनीचा तमाशा. त्यावर बोलण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र या तमाशाचे यजमानपद शासनच पत्करते. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ला वाराणसीहून दिब्रुगडकडे रवाना करताना हिरवा झेंडा दाखवला तो खुद्द पंतप्रधानांनी. प्रवास ५१ दिवसांचा, अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर आणि सोय ३६ पर्यटकांची! एवढा मोठा जाहिरातदार कोणत्या कंपनीला पैसे मोजून मिळाला असता? त्याआधी २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’चे उद्घाटन केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत झाले. एके काळी याच किनाऱ्याने कोकणातला चाकरमानी डेकचे तिकीट काढून गावी जात असे. ती बोट बंद पडली तेव्हा कोणा मंत्र्याला बंदरावर धाव घ्यावीशी वाटली नाही. पुढे ‘आंग्रिया’ही बंद पडली, ही गोष्ट निराळी.

आता वर्धेकडे वळावे. कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला, वरुड तालुक्यातील झुंज येथे, १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच नदीत नाव उलटली आणि दशक्रियेसाठी जमलेल्या एका कुटुंबातील ११ जणांना जलसमाधी मिळाली. त्यानंतर १८ दिवसांनी ‘कॉर्डेलिया’ या क्रूझ जहाजावर छापा पडला, आणि देशातले सारे कॅमेरे कित्येक आठवडे त्या जहाजाभोवती घुटमळत राहिले. झुंजची बातमी तोवर शिळी झाली होती.

विशेष म्हणजे २०१६ च्या कायद्याने जाहीर केलेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत पैनगंगा–वर्धा नदीप्रणालीचाही समावेश आहे. म्हणजे नाव उलटली त्याआधी पाच वर्षे वर्धेचे नाव राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत जाऊन बसले होते! ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले. क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करावयाची, हे त्याचे उद्दिष्ट. गावातल्या नावेत बसणाऱ्या माणसाला या हिशेबात कोठे जागा आहे?

वरुड, तिवसा आणि आर्वी तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी वर्धेच्या घाटाघाटांवर जावे. कोठे किती नावा चालतात, नावाड्याजवळ परवाना आहे काय, नावेवर माणसांची मर्यादा लिहिली आहे काय, पोहण्याची जाकिटे किती, हे टिपून घ्यावे आणि ती यादी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.