भूत कोणाचं होतं?

अवेळी, वाटेत मरण आलं की भूत होतं, असं लोक म्हणतात. पण अमरावतीला नेताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी वाटेतच प्राण सोडला, आणि तिथं भीती नव्हे, स्मरण उभं राहिलं. कारण मरणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. वऱ्हाडात १९०० च्या दुष्काळात, १९१८ च्या साथीत गेलेल्या बहुतेकांना तेवढंही मिळालं नाही. भुताच्या गोष्टींतला नदीचा उतार न् गावाबाहेरची चिंच त्यांच्याच वाट्याला आली असावी. मग गोष्टींबरोबर अंधश्रद्धाही जपायची? मुळीच नाही. भूत उतरवायला साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मांत्रिकाला दार बंद करावं. गोष्ट सांगणाऱ्याला मात्र विचारावं, मेलं कोण, कधी, कशानं?