काल्याच्या दुसऱ्या दिवशी

रामनवमी जवळ आली की आमच्या नेवासे तालुक्यात गावोगावच्या मारुतीच्या देवळासमोर मंडपाचे बांबू येऊन पडतात. रामनवमीला बसलेला सप्ताह हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनानं उठतो. पत्रिका आधीच छापून आलेली असते. तिच्या एका बाजूला कीर्तनकारांची नावं असतात, दुसऱ्या बाजूला अन्नदात्यांची. अन्नदात्यांची यादी लांब, आणि तिच्यावरून होणारी रुसवाफुगवी त्याहून लांब. कुणाचं नाव वर गेलं, कुणाच्या नावापुढं 'पाटील' राहिलं, कुणाचा फोटो लहान आला. तरीही सप्ताह दरवर्षी होतो. दुष्काळाच्या वर्षी तर जरा जास्तच हट्टानं होतो.

मी स्वतः किती आस्तिक आहे, हे मला नीट सांगता येणार नाही. नगरला सावेडीत राहतो. चतुर्थीला माळीवाड्यात विशाल गणपतीच्या दर्शनाला जातो, पण रांगेत उभं राहिल्यावर डोक्यात गाडी कुठं लावली हेच घोळत असतं. देव आहे की नाही, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. तो असला तर त्याच्यामुळं आपल्या वागण्यात काय फरक पडतो, एवढंच बघावंसं वाटतं. आणि ते बघायला सप्ताहासारखी दुसरी जागा नाही.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हा पहिला नियम. दिवसरात्र कुणीतरी ती गळ्यात अडकवून उभं असतं. पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीला चिकटवलेली असते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. पण मला ओढ असते ती मध्यरात्रीनंतरच्या पहारेबदलाची. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आमच्या गावात बांधाच्या वादावरून कोर्टात गेलेले दोन शेजारी एका वर्षी यादीत पाठोपाठ आले. यादी करणाऱ्यानं ते मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे. दोघंही वाकले. पुढच्या तारखेला दोघंही कोर्टात हजर होते, ही गोष्ट वेगळी. पण मधल्या त्या क्षणी कुणी मोठा नव्हता, कुणी लहान नव्हता, आणि हे घडवायला कीर्तनकाराला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

दुसरी ओढ भाकरीची. गोदावरीतल्या सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह श्रीरामपूर-वैजापूरकडच्या लोकांना सांगायला नको. पावणेदोनशे वर्षांच्या घरातली ही परंपरा. श्रावणात एका गावाला मान मिळतो आणि आसपासच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भाकरीनं भरून येतात. आमटी तिथं शिजते, भाकरी घराघरातून येते. लहान गावातही रीत तीच. घरटी ठरलेल्या भाकरी द्यायच्या. पहाटेपासून चुली पेटतात, परातीत बाजरीचं पीठ मळलं जातं, आणि उन्हं वर यायच्या आत ट्रॉली गल्लीतून फिरते. ट्रॉलीत पडली की भाकरी कुणाच्या घरची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जाड, पातळ, करपलेली, चांदकी, सगळ्या एकात एक. पंगतीत बसलेला माणूस मिळेल ती आमटीत कुस्करतो. माझ्या मते सप्ताहातलं सगळ्यात मोठं कीर्तन हेच.

म्हणून थोडं बारकाईनं बघायला लागलो. बघितलं तसतशा काही गोष्टी खटकत गेल्या.

पहिली गोष्ट बायकांची. भाकरी त्यांच्या, पण पहाऱ्याच्या यादीत वर्षानुवर्षं त्यांचं नाव नाही. कीर्तन रंगात येतं तेव्हा त्या उद्याचं पीठ चाळत असतात. याच तालुक्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाईला हक्कानं पाय ठेवायला २०१६चा पाडवा उजाडावा लागला. त्याच्या आठवडाभर आधी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की देवळात जायला बाईला अडवणारा कुठला कायदाच नाही. ज्या गावच्या घरांना दारं नाहीत म्हणून जगभरातून लोक बघायला येतात, तिथं चौथऱ्याला मात्र न दिसणारं दार होतं. आमच्या गावात निदान दुपारच्या पहाऱ्याला आता दोन-चार बायकांची नावं लागली आहेत. वीणा कुणाच्या गळ्यात आहे म्हणून बेसूर वाजली, असं अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. सप्ताहाची वर्गणी सगळ्या गावातून गोळा होते, गावाबाहेरच्या वस्तीवरूनही. ट्रॉली मात्र वस्तीवर जात नाही. विचारलं तर कुणी 'नाही' म्हणत नाही. 'रस्ता खराब आहे', 'त्यांना कशाला त्रास', 'ते लोक स्वतःच देत नाहीत' अशी उत्तरं मिळतात. नोटेला विटाळ नसतो, भाकरीला असतो. वस्तीतली बरीच घरं बौद्ध आहेत, काही ख्रिस्ती. त्यांना सप्ताहाशी देणंघेणं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ज्यांना आहे, त्यांच्याही भाकरीपर्यंत ट्रॉली पोचत नाही. तेव्हा ट्रॉलीतल्या भाकरी ओळखू येत नाहीत हे माझं कौतुक अर्धंच खरं होतं. काही भाकरी ट्रॉलीत पडायच्या आधीच ओळखलेल्या असतात.

आणि हे सगळं कुठलं पारायण चालू असताना? नेवाशात प्रवरेकाठी जो ग्रंथ सांगितला गेला, त्याचं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी तो सांगितला असं मानतात, त्या पैसाच्या खांबाला आजही लोक डोकं टेकवतात. सांगणारा कोण होता? संन्यास घेऊन पुन्हा संसारात आला म्हणून ज्याला समाजानं वाळीत टाकलं, त्या विठ्ठलपंतांचा मुलगा. ज्या घराशी रोटीव्यवहार बंद होता, त्या घरातल्या पोरानं सांगितलेल्या नऊ हजारांवर ओव्या आपण सात दिवसांत वाचून काढतो. नेवासेकर म्हणून मला याचा अभिमान आहे. पण खांबापुढं उभं राहिलं की वाटतं, आज असं एखादं घर गावात आलं तर आपली ट्रॉली त्यांच्या दारात थांबेल का?

शिर्डीत वेगळं उत्तर सापडतं. साईबाबा १९१८च्या दसऱ्याला गेले, तोवर गावातल्या ठरावीक घरी भिक्षा मागत. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या 'साईसच्चरिता'त त्याचं वर्णन आहे. मिळालेलं सुकं आणि ओलं सगळं एका कुंडीत एकत्र व्हायचं. त्यातून मशीद झाडणारी बाई न्यायची, कुत्री-मांजरं खायची, आणि उरलेलं बाबांचं. पाटलाची भाकरी, मारवाड्याची भाकरी, सगळी एका कुंडीत. मशिदीला ते द्वारकामाई म्हणायचे, हे आपण कौतुकानं सांगतो. त्या कुंडीबद्दल मात्र कमी बोलतो. आज तिथल्या प्रसादालयात रोज हजारो माणसं कुणाशेजारी बसलोय हे न विचारता जेवून उठतात. गर्दीत ते सोपं असतं. शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसतं ना! गावात तीच तर अडचण. तिथं प्रत्येकाचं आडनाव माहीत असतं.

नगर शहरात हीच लढाई एका बाईनं स्वयंपाकघरात लढली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढं नगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी जोडले गेले. त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडं आल्या, पण सोवळं घेऊन. नवरा ख्रिस्ती आणि बायकोची चूल वेगळी. पुढं त्यांनी स्वतःलाच विचारलं, की जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. 'स्मृतिचित्रे'त हा प्रवास त्यांनी जसा मिश्किलपणे सांगितलाय, त्याला तोड नाही. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांचं धर्मांतर नंतर झालं, घासांतर आधी. नवीन देव मान्य करण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं त्यांना कठीण गेलं, आणि तेच त्यांनी अगोदर उरकलं.

आपला जिल्हा संतांचा, हे वाक्य भाषणात हमखास येतं. ते खोटं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्मानं मुसलमान आणि वारकऱ्यांचे संतकवी. पाथर्डीजवळच्या मढीला कानिफनाथ, अरणगावाजवळ मेहेरबाबांचं मेहेराबाद, चिचोंडीत जन्मलेले आनंदऋषीजी. पण याच जिल्ह्याचं नाव सोनईमुळं २०१३ मध्ये आणि खर्ड्यामुळं २०१४ मध्ये देशभर गेलं, ते दलित तरुणांच्या हत्यांमुळं. सोनई शिंगणापूरच्या रस्त्यावरचं गाव. खर्डा जामखेड तालुक्यात, अहिल्यादेवींचं चोंडीही त्याच तालुक्यात. या गावांच्या आसपास सप्ताह होत नव्हते का? होत होते, होतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. विठ्ठलपंतांच्या घराला जो बहिष्कार शिक्षा म्हणून मिळाला, तो आज गुन्हा आहे. कायद्यानं वाळीत टाकणं थांबवता येतं. जेवायला बोलावणं कायद्यानं होत नाही, आणि बोलावल्यावर जाणं तर नाहीच नाही.

माझी चुलती याबाबतीत माझ्याहून पुष्कळ पुढं आहे आणि तिला ते ठाऊकही नाही. ती खुरपणीला जाते. टोळीत गावातल्या बाया आणि वस्तीवरच्या बाया एकत्रच असतात. दुपारी बांधावर लिंबाखाली बसतात, धडपी सोडतात. हिची मेथी तिला, तिचा ठेचा हिला. "काकू, मग सप्ताहाला त्यांच्या भाकरी का नाही घेत?" असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "ते गड्यांचं काम हाय. कमिटी त्यांची. आम्हाला इचारतंय कोण? बांधावं आम्ही रोजच जेवतो की एका जागी."

काल्याच्या कीर्तनात महाराज दरवर्षी तीच कथा सांगतात. कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कालवल्या आणि सगळ्यांना वाटल्या. दहीहंडी फुटते, लाह्या-दही हातावर पडतं, आणि मंडप टाळ्यांनी दणाणतो. बांधावरच्या बायकांचा काला वर्षभर चालू असतो. त्याला मंडप नाही, पत्रिका नाही, अन्नदात्यांची यादी नाही. गावातला धर्म कुठं शाबूत आहे असं मला कुणी विचारलं, तर मी आधी त्या लिंबाकडं बोट दाखवीन.

हनुमान जयंती मागंपुढं होते, पण १४ एप्रिल तिच्या आसपासच येतो. वस्तीवर बाबासाहेबांची जयंती असते. निळे झेंडे लागतात, वंदना होते, भाषणं होतात आणि मग जेवण. आमंत्रण सगळ्या गावाला असतं, वस्तीवरची पोरं घरोघर येऊन सांगून जातात. सरपंच येतात, हार घालतात, फोटो होतो. पंगत बसायच्या वेळेला मात्र बहुतेकांना काहीतरी काम निघतं. कुणाचं पित्त खवळलेलं असतं, कुणाच्या मोटारीची लाईट आलेली असते. सप्ताहात ट्रॉलीतल्या अनोळखी भाकरी बोटं चाटून खाणारे हेच लोक. सात दिवसांची परीक्षा सगळेच पास होतात. कारण तिथं गाव बघत असतं, महाराज बघत असतात, आणि पास होण्यात पुण्यही असतं. माझ्या लेखी श्रद्धेची खरी परीक्षा मांडव सुटल्यानंतरची, काल्याच्या दुसऱ्या दिवशीपासूनची. तिथं पुण्य मिळेल असं कुणी सांगितलेलं नसतं, आणि न गेल्यास पाप लागेल असंही नाही.

गेल्या वेळी चुलती गेली होती, टोळीतल्या बायकांनी हाक मारली म्हणून. कमिटीतल्या एकानं तिला नंतर टोकलं. "तुमच्या सप्ताहाला भाकरी थापून माझे हात सुजतात तवा कुणी इचारत न्हाई," ती म्हणाली, "आन् एक दिवस आयतं खाल्लं तर एवढी चौकशी?" त्यानं विषय बदलला. यंदा तिच्यासोबत आणखी काही जणी निघाल्यात, आणि कमिटीतला एक तरुण पोरगाही 'बघू' म्हणालाय. गावात 'बघू' म्हणणारा निम्मा तरी तयार असतो.

यंदा सप्ताहाची पत्रिका आणि जयंतीचं आमंत्रण, दोन्ही घरी आली आहेत. दोन्हीकडं जेवायला जायचं ठरलंय. पहिल्या पंगतीला वाढप्यांची कमी नसते, तिथं आपण नसलो तरी चालतं. दुसरीकडं काही करायचं नाही, नुसतं मांडी घालून बसायचं आणि पुढं आलेलं पोटभर खायचं.