दयेचे गिऱ्हाईक

लोककल्याणार्थ काढलेल्या उद्योगास नफ्यातोट्याची भाषा शोभत नाही, अशी एक सात्त्विक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आणि ज्यांच्या हातांना काम मिळावे म्हणून तो उद्योग निघाला, त्यांच्याच हातचे काम या समजुतीपायी कसे जाते, हे मी एका मंडळाच्या कार्यकारिणीवर बसून पाहिले आहे. तेथे पिशव्यांच्या शिलाईची मजुरी ‘साहाय्य’ या सदरी खर्ची पडे; किंमत ठरविताना ती धरलीच जात नसे. तिसऱ्या वर्षी अनुदान थांबले, तेव्हा कुठे आपण पिशवी निम्म्या किमतीत विकत आलो, हा उलगडा आम्हां सुशिक्षितांना झाला.

गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी ज्या सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या, त्या सुशिक्षितपणाच्या या व्याधीपासून मुक्त होत्या. भांडवल ८० रुपयांचे, तेही उसने. तोटा आला तरी कोणापुढे हात पसरावयाचा नाही, हा त्यांचा निर्धार. आणि हलक्या प्रतीचा स्वस्त पापड काढू नका, हिशेब चोख ठेवा, हा त्यांचे मार्गदर्शक, समाजसेवक छगनलाल पारेख यांचा आग्रह. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. तेव्हा पुढील वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटविला. अनुदानाच्या दप्तरात हा खर्च कोणत्या सदरी बसला असता, देव जाणे!

त्या गच्चीवरचे ‘लिज्जत’ पुढे हजारो स्त्रियांचे झाले, तरी व्यवहाराची घडी तीच राहिली: भिजविलेले पीठ घरी न्यावयाचे, लाटून वाळविलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून तोलून द्यावयाचे, आणि जेवढे लाटले तेवढ्याची मजुरी घ्यावयाची. नफा भगिनींचा, तसा तोटाही त्यांचाच. सरकारी मदत सर्वथा त्याज्य, असे माझे म्हणणे नाही. तिच्यातून यंत्र घ्यावे, गोदाम बांधावे, परंतु रोजची मजुरी मालाच्या विक्रीतूनच निघाली पाहिजे, आणि त्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा आले पाहिजे. आमच्या पिशव्या परिचितांनी मोठ्या अगत्याने एकेक घेतल्या होत्या. दुसरी मागावयास कोणी आले नाही.